म्हसोबाच्या ओढ्याला थांबणाऱ्या पिकअपची वाटणी

आणि गाडी बंद का पडते हे मला आजपर्यंत एकानंही धड सांगितलं नाही, पण मी मेल्यावर गाडी कुणाची, हे मात्र सगळ्यांना माहीत आहे. दीर म्हणतात माझी. लेक म्हणते माझी. मुलगा फोनवरून म्हणतो, भंगारात घाल. विट्याचा मिस्त्री म्हणाला, "मावशी, पंप बदला." दुसरा म्हणाला, "पंपाला हात लावू नका, फिल्टर बदला." फिल्टर बदलला, त्याच आठवड्यात परत त्याच जागी उभी. मी चौथी शिकलेली बाई. मी कुणाचं ऐकायचं?

तर आता कायद्याचं लिहिते. मी राहीबाई बिरदेव गोरड, वय एक्कावन्न, धंदा मेंढरं व कोरडवाहू शेती, राहणार बनाचीवाडी, तालुका आटपाडी, जिल्हा सांगली. येत्या बुधवारी सांगलीला माझी पिशवी काढायची आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधं ऑपरेशन आहे. असेल. पण भूल दिल्यावर माणूस कुठं जातं ते त्यांनाही सांगता आलं नाही, म्हणून जायच्या आधी हे माझ्या हातानं लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे, कुणी दाब दिलेला नाही. फक्त गाडीच्या बाबतीत माझा गोंधळ आहे. तो गोंधळ धरूनच हे मृत्युपत्र खरं समजावं.

कलम पहिलं, घर. दोन खोल्या आणि पुढचं पत्र्याचं शेड मुलगा अर्जुना याला. तो कोइमतूरला गलाईच्या दुकानात सोनं गाळायचं काम करतो आणि दिवाळीला येतो. मागची खोली मात्र त्याची बहीण समीक्षा हिच्या वापराला राहील. लग्न होईपर्यंत, आणि झाल्यावर परत यावं लागलं तर तेव्हाही. "कवा जाणार" असं तिला कुणी विचारायचं नाही.

कलम दुसरं, मेंढरं आणि ती कोंडायची जाळी, म्हणजे वाघर. हे सगळं धाकटे दीर नानासो यांना. माणूस हट्टी आहे, पण कुठल्या मेंढराच्या पायात काटा आहे ते लांबून ओळखतो. अर्जुनाला मेंढरू आणि बकरं यातला फरक उरलेला नाही.

कलम तिसरं. बचत गटातले माझे पैसे समीक्षाला. शेजारीण रंगूबाई हिनं माझं मोठं पातेलं नेलेलं आहे, ते तिनं ठेवून घ्यावं. पण मी दिलं म्हणून ठेवावं, मी विसरले म्हणून नाही. पातेलं मिळालं त्यामुळं तिला साक्षीदार होता येत नाही, असं डेअरीवरचा साईराज म्हणतो. त्याचा तिला राग आला आहे. ती आत्ता शेजारीच तोंड फिरवून बसली आहे.

कलम चौथं. पाने, चाक खोलायची टॉमी, ग्रीसची पिचकारी, बॅटरीच्या वायरी समीक्षाला. जॅक नानासोंच्या घरी आहे, तो मागून आणावा. ते म्हणतील, "कसला जॅक?" लाल. तुमच्या पाण्याच्या टाकीखाली लावलाय तो.

कलम पाचवं. गाडी ज्याच्याकडं जाईल त्यानं पुढचं पाळायचं. थंडीत चावी अर्धी फिरवून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं. दम न धरता सेल्फ मारला की पांढरा धूर येतो आणि बॅटरी बसते. काळा धूर आला की हवेचा फिल्टर काढून झाडायचा. आमच्याकडं तो जत्रेनंतर हमखास येतो, कारण आमची माणसं भंडारा उधळतात तो बॉनेट उघडून आत उधळतात. निम्मी हळद इंजिनाच्या नाकात जाते. निळसर धूर आला तर इंजिन ऑईल पितंय, तेव्हा देवाकडं न जाता मिस्त्रीकडं जायचं. डिझेल फिल्टरच्या बुडाला पाणी साठतं, ते सोडायचं. डिझेलच्या नळीत हवा धरली तर फिल्टरवरचा हातपंप घट्ट लागेपर्यंत दाबायचा. रेडिएटरच्या जाळीत लोकरीचे झुपके अडकतात, ते हातानं वेचायचे. पाण्याचा फवारा मारला तर आत जाऊन बसतात, मग इंजिन तापतं आणि तुम्ही म्हणता गाडीला दृष्ट लागली.

हे सगळं मला कळतं. फलटणच्या उसाच्या रानात मेंढरं बसवायला जायचो तेव्हा मालकांच्या शेजारी बसून बघत शिकले. मालक म्हणजे माझे यजमान कैलासवासी बिरदेव. मला कळत नाही ते एकच.

कलम सहावं. बाजाराला भरून निघालं की गाडी म्हसोबाच्या ओढ्याच्या चढाला येऊन गुदमरते आणि बंद पडते. तिथं रस्त्याकडंला म्हसोबाचा दगड आहे. नानासो उतरतात, डॅशबोर्डवरचा नारळ फोडतात, मग टाकीचं तोंड सोडून काठी बुडवून डिझेल किती आहे ते बघतात, परत तोंड बांधतात. गाडी चालू होते. येताना कधीच थांबत नाही. "बघा वैनी," ते म्हणतात, "जाताना आडवतो, येताना न्हाई. देव हाय त्यो. न सांगता निघालेलं त्याला चालत न्हाई."

टाकीला टोपण नाही. ते पंपावर हरवलं. त्याच साली रस्ता रुंद करताना जेसीबीनं म्हसोबाचा दगड उचलून पलीकडं ठेवला. गाडी थांबते ती त्या सालापासून. टोपण आधी गेलं का दगड आधी हलला, हे मी वाडीत घरोघर विचारलं. निम्मी माणसं टोपण म्हणतात, निम्मी दगड म्हणतात. टोपणाच्या जागी मालकांनी त्यांच्या जुन्या घोंगडीचा बोळा घातला, वरून प्लास्टिकची पिशवी, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून. डिझेल चोरतात म्हणून. एक थेंब बाहेर येत नाही.

समीक्षा म्हणाली, "आये, थेंब भायेर येत न्हाई तशी हवा बी आत जात न्हाई. डिझेल गेलं की त्याच्या जागी हवा नको व्हय? पाण्याची बाटली तोंडानं ओढली की आवळत्या, तसं टाकीचं हुतंय. मग इंजिनाला डिझेल मिळत न्हाई. येताना पंपावर बोळा सुटतोय, म्हणून येताना थांबत न्हाई. तात्या काठी बुडवायला बोळा सोडत्यात तवा सूंऽ करून आवाज येतो, ऐकलाय का कवा?"

मी ऐकलाय. नानासोही तिथंच होते. म्हणाले, "त्यो आवाज म्हसोबाचा."

"म्हसोबा टाकीत ऱ्हातोय व्हय, तात्या?"

"चार बुकं शिकलीस आन् देवाला टाकीत घालाय लागलीस?"

"मी कुठं घातला? बोळा मारून तुमीच कोंडलाय."

मी हसले. मग हसल्याची भीती वाटली.

आम्ही करूनही बघितलं. एकदा बोळा सैल ठेवून, नारळ न घेता, मी आणि समीक्षा गेलो. गाडी थांबली नाही. मला वाटलं, सुटला प्रश्न. घरी आलो तर नानासो म्हणाले, "वैनी, मी तांबडं फुटायच्या आधीच जाऊन तुमच्या नावाचा नारळ फोडून आलो हुतो. पोरगी गाडीत, जिवाला घोर." परत काही कळेना. मग एकदा बोळा घट्ट ठेवला आणि नारळ आधीच फोडून निघालो. थांबली. समीक्षा म्हणाली, "बघ." नानासो म्हणाले, "नारळ कुजका निघाला." तो कुजका होता, मी स्वतः बघितला. आता सांगा.

कलम सातवं. अर्जुना म्हणतो, "आये, जुनी गाडी हाय, थांबणारच. तू कशाला डोस्कं पिकवतीस?" त्याच्यासाठी लिहून ठेवते, फोनवर मला बोलता येत नाही. अर्जुना, गेल्या वर्षी उन्हाळ्यात तुझ्या बाच्या छातीत कळ आली, तेव्हा तू तिकडं होतास. भर दुपार होती. नानासो चालवत होते. मी मागं हौद्यात, तुझ्या बाचं डोकं माझ्या मांडीवर. ओढ्याच्या चढाला गाडी थांबली. नानासो पळत गेले, नारळ फोडला, हात जोडले, पळत आले, बोळा सोडला, काठी बुडवली, बोळा बांधला. घाईत पट्टी दोनदा सुटली. तुझा बा म्हणाला, "नाना, सावकाश." मग गाडी चालू झाली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला पाहिजे होतं. रंगूबाई म्हणते, डॉक्टर सगळ्यांनाच असं म्हणतात. म्हणत असतील.

म्हसोबानं अडवलं असेल तर देवाला मी काय बोलणार? बोळ्यानं अडवलं असेल तर तो मालकांनीच घातलेला, आणि गेलेल्या माणसावर रागवायचं कसं? नारळात वेळ घालवला म्हणून नानासोंवर रागवावं, तर टाकी उघडली तीही त्यांनीच. तेव्हापासून हा राग हातात धरून बसले आहे, ठेवायला जागा नाही.

समीक्षानं विट्याहून नवं टोपण आणलंय, हवा जायला बारीक भोक असलेलं. पुडीतच आहे. मी बसवू देत नाही. का, ते विचारू नका. बोळा मालकांच्या घोंगडीचा आहे, हे एक. दुसरं काहीतरी आहे, ते मलाच कळत नाही.

कलम आठवं, गाडीचा निकाल. गाडी म्हसोबामुळं थांबत असेल तर ती नानासोंची. देवाचं जो करतो त्यानं ती सांभाळावी, ते ओझं मी पोरीच्या डोक्यावर ठेवणार नाही. बोळ्यामुळं थांबत असेल तर गाडी समीक्षाची, आणि मग तिला चालवताना कुणी नाव ठेवायचं नाही. भंगारात कुणीही घालायची नाही.

आता दोघंही आपापल्या बाजूचं सांगणार, एवढं मला कळतं. म्हणून असं करायचं. येत्या शनिवारी, मी असतानाच, बाजाराला मेंढरं भरून निघायचं. बोळा काढून नवं टोपण बसवायचं, मी हो म्हणते. समीक्षानं चालवायचं, नानासोंनी तिच्या शेजारी बसायचं. नारळ नाही. तांबडं फुटायच्या आधी कुणी ओढ्याला जायचं नाही, मनातल्या मनात नवस बोलायचा नाही. नानासो, मला तुमचं मन दिसत नाही, पण तुमच्या गेलेल्या दादांची शपथ घालते. एका खेपेत कळलं नाही तर रविवारी परत भरा, परत जा. आणि दोघांनी मिळून एक उत्तर आणायचं. दोन उत्तरं आणलीत तर गाडी शेडात उभी राहील, टायर बसले तरी बेहत्तर. मला बरं वाटावं म्हणून काही सांगायचं नाही.

हे सगळं मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांच्या समोर सही केली आहे.

सही: राहीबाई बिरदेव गोरड

साक्षीदार: १) साईराज मोटे, दूध डेअरीवर कामाला
२) अंकुश कोळेकर, पोलीस पाटील

ठिकाण: बनाचीवाडी. तारीख: २० नोव्हेंबर २०२५, गुरुवार.

नानासो आणि समीक्षा, मंगळवारी सकाळी दवाखान्यात मला भरती करून घेणार आहेत. सोमवारी, २४ तारखेला, दिवस मावळायच्या आत दोघांनी माझ्यासमोर येऊन बसायचं आणि एका तोंडानं सांगायचं. त्या दुपारी गाडी कशानं थांबली?