आईच्या खोलीवरची ताडपत्री

मंगळवार, १२ जून

प्रिय ताई,

सकाळपासून वारा आहे. काल आईच्या खोलीवरचे पत्रे उडाले. तिचा पलंग दारातून निघत नाही, म्हणून आज रजा घेऊन मीच वर चढलो आणि ताडपत्री बांधली. खाली येऊन आईला औषध दिलं.

दादा ट्रकवरच्या मालावर ताडपत्री ओढताना पडून गेला, त्याला महिना होत आला. आईच्या हृदयाला धक्का सोसायचा नाही असं डॉक्टर म्हणाले, म्हणून तो लांबच्या कामावर गेलाय असं आपण तिला सांगितलं. मी ते तिच्यासमोर रोज बोलतो, तू फोनवर बोलतेस.

दादा ताडपत्री कधी ताठ बांधत नसे. कडीत आधी जुन्या ट्यूबची रबरी पट्टी, मग दोरी. वारा आला की ती जरा सैल पडायची आणि परत जागेवर यायची. ताडपत्रीला झोपाळा कशाला, असं मी चिडवायचो. आज मी दोऱ्या जीव खाऊन आवळल्या. दुपारी वारा वाढला आणि वर नुसता फाडफाड आवाज सुरू झाला. एका कोपऱ्याची कडी कापडासकट निघाली. आता बाकीच्या किती टिकतात, ते बघत मी पलंगाशी उभा होतो.

आई डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "वर ढोल बांधलायस का रे?" मी हसलो. ती हसली नाही. "पत्रे उडाले, हे त्याला कळवलंस?" कळवलंय, पण सुट्टी मिळत नाही, असं मी म्हणालो. तिने डोळे उघडले. "माझ्या डोक्यावर छप्पर नाही, आणि तो सुट्टी मागत बसलाय?"

मी तिची नाडी बघायला मनगट धरलं. मग तिनेच विचारलं, "कसा गेला?" मी सगळं सांगितलं.

डॉक्टर येऊन तपासून गेले. काळजीचं काही नाही म्हणाले. ती रडली नाही, भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मला एवढंच म्हणाली, "ताईला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. माझ्याशी असं बोलून तिलाच धीर येतो." घरातला एकच फोन तिच्या उशाशी असतो, म्हणून हे पत्र शेजारच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवतोय. तो उद्या तिकडे येईल. रविवारी तू फोन केलास, तर ती तुला दादाची खुशाली विचारेल. तेवढी वेळ येऊ देऊ नकोस. त्या ड्रायव्हरच्याच गाडीत बसून ये.

दूध तापत ठेवलंय, ते उतरवतो.

तुझाच,
धाकटा