नवरदेवाच्या हातात विळी

।। श्री एकविरा माता प्रसन्न ।।

मुक्काम अमळनेर,
वैशाख वद्य २, शके १८५७

तीर्थस्वरूप तोताराममामा यांच्या पायांवर भाचा रुपचंद सोनगीरहून निघालेला आणि तूर्त अमळनेरच्या धर्मशाळेत टेकलेला डोके ठेवतो. मामींनाही नमस्कार. इकडे सर्व क्षेम. तुमचा खोकला उन्हाळ्यात तरी थांबला का? सुकदेवभाऊ आणि ताईबाई वहिनी खुशाल आहेत, बैल खुशाल आहेत, मीही खुशाल आहे. हे शेवटचे मुद्दाम लिहितो, कारण तुमच्या कानावर काहीबाही आले असणार. धरणगावच्या बाजारात लोक म्हणतात म्हणे, की तोतारामनानांच्या भाच्याने एका नवरदेवाला हातात विळी देऊन घोड्यावर बसवले. मामा, हे खोटे नाही. पण विळी माझी नव्हती, एवढे आधी सांगतो आणि मग सगळे पहिल्यापासून सांगतो, म्हणजे गैरसमज राहिला तरी पुरता राहील.

गेल्या पौषात आग्रा रोडवर, आमच्या किल्ल्याच्या खालच्या नाल्यात एक मोटार बसली. मालकाने मोटार ओढून नेली, पण तुटलेल्या कमानीचे लोखंडी पाटे तिथेच टाकले. चांगले लोखंड पडलेले दिसले की माणसाला काहीतरी सुचते. सुकदेवभाऊला वखराची पास, म्हणजे खालचे पाते, सुचली. मला चाकू सुचले. (का सुचले ते विचारू नका. कपाशी वेचून झाली की हातांना काम उरत नाही, आणि पाच वर्षांपूर्वी आमची घरातली गेल्यापासून दिवस असा लांबतो की त्यात दोन माणसे राहावीत.) मी पाटे डोक्यावर घेऊन पुना लोहाराकडे नेले. पुना सोनगीरचा जुना कारागीर. त्याने मला महिनाभर भात्यापाशी बसू दिले आणि एकच गोष्ट शिकवली. म्हणाला, "रुपचंदभाऊ, लोखंड तापाडता कोनलेबी येस. पानी देवाले अक्कल लागस." पाणी देणे म्हणजे लाल झालेले पाते नेमक्या वेळी विझवून त्याला कडकपणा आणणे. मला वाटले, यात अक्कल कशाला? पाणी कमी पडत असेल तर दुसरे काही देऊ. पुढचे सगळे रामायण (हो, रामायणच) या एका विचारातून घडले.

मी घरच्या अंगणात स्वतःची भट्टी लावली. जुन्या काळी तलवारी औषधी काढ्यात विझवत, असे एका बैराग्याने मला सांगितले होते. काढा जवळ नव्हता, ताक होते. अकरा पाती ताकात विझवली. ती काचेसारखी कडक झाली आणि फुटायची सवयही त्यांना काचेचीच लागली. नऊ पाती एरंडेलात विझवली, ती काही केल्या कडक होईनात. त्यांतले एक मी वहिनीच्या हातात दिले, तर तिने सहज दाबून त्याचा कान कोरायचा चमचा करून दाखवला. उरलेली पाती कढीत घातली, कारण त्या दिवशी घरात कढी होती. सुकदेवभाऊ जेवायला बसला, ताटातल्या कढीकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि काही न बोलता भाकरी हातावर घेऊन शेतात निघून गेला. (तो रागावला की बोलत नाही. हल्ली बोलतच नाही.) मुठी मात्र, मामा, मी अशा केल्या की तुम्ही बघत राहाल. बाभळीच्या गाभ्यातून कोरून कुठे पोपट काढला, कुठे दादर ज्वारीचे कणीस, कुठे मान वळवलेला घोडा. पाते झाकून ठेवले तर माझ्या चाकूसारखा चाकू अख्ख्या खानदेशात नाही.

चैत्री पुनवेला धुळ्याच्या एकविरेच्या यात्रेत दुकान मांडले. दुकान म्हणजे एक गोणपाट आणि त्यावर चाकू. शेजारी न्याहळोदच्या मंजुळाबाईने टरबुजांचा ढीग लावला होता. बाई विधवा, पस्तिशीची, दिराच्या घरी राहते आणि पांझरा नदीच्या वाळूतली टरबुजाची वाडी एकटी पाहते. पहिल्या दिवशी माझ्यापुढे पुष्कळ बायका थांबल्या. सगळ्यांनी पोपटाच्या चोचीवरून बोट फिरवले आणि सगळ्यांनी एकच विचारले, घरात विळी असताना हे कशाला? मामा, हा विचार मी केलाच नव्हता! आपल्याकडे बाई विळीवर पाय देऊन बसते आणि भाजी विळीकडे नेते. चाकू भाजीकडे न्यायचा, हे कुणाला पटेना. एका म्हाताऱ्याने एरंडेली चाकूने पाठ खाजवून पाहिली, त्याला बरे वाटले, आणि त्याने दोन नेले. एवढीच विक्री. मग मंजुळाबाईचे टरबूज कापायचे पाते हरवले आणि तिने माझा एक ताकातला चाकू मागितला. टरबुजात शिरला, कडकन आवाज झाला आणि अर्धे पाते आतच राहिले. तिने टरबूज आपटून फोडले, पाते काढून धुतले आणि माझ्यापुढे ठेवत विचारले, "भाऊ, हाऊ चाकू शे का उलथनं?"

मी म्हणालो, टरबूज जून असेल. ती म्हणाली, "टरबूज मनं शे. त्यानं नाव नका ल्या." पुढे यात्राभर ती रोज एक चाकू मागून घ्यायची, रोज परत आणायची, आणि रोज चाकूबद्दल काहीतरी नवीन सांगायची. माझ्या मुठींबद्दल मात्र अवाक्षर नाही. (याचे मला वाईट वाटले. का वाटले ते तेव्हा कळले नाही.)

चौथ्या दिवशी कापडण्याचे झुलालआबा आले. त्यांच्या मुलाचे लग्न आखाजीनंतर दोन दिवसांनी ठरलेले होते. आपल्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार येते, टोकाला लिंबू खोचतात आणि अक्षता पडेपर्यंत ती हातातून खाली ठेवत नाहीत. तर आबांची अडचण अशी, की त्यांचा मुलगा वेंधळा. मागे कोयता हातात आला तर त्याने स्वतःच्याच शेंडीला इजा केली. आबांना अशी कट्यार हवी होती जी दिसेल कट्यार, पण कापणार काहीच नाही. मी त्यांच्यापुढे सगळा माल पसरला. आबांनी एकेक पाते स्वतःच्या गालावर फिरवून पाहिले आणि त्यांचे डोळे पाणावले. म्हणाले, इतकी सुरक्षित वस्तू मी जन्मात पाहिली नाही. घोड्याच्या मुठीचा चाकू त्यांनी घेतला आणि मला मानाने लग्नाला बोलावले. नवरी कोण, तर मंजुळाबाईच्या दिराची मुलगी.

वैशाख शुद्ध पंचमीला मी नवे धोतर नेसून न्याहळोदला गेलो. नवरदेव मारुतीच्या पारावर बसला होता, हातात माझा चाकू, टोकाला लिंबू. सगळे मला विचारत होते की मूठ कुणी केली, आणि मी लाजून सांगत होतो. मग नवरदेवाला घोडीवर चढवू लागले. त्याने रिकिबीत पाय घातला आणि तोल जाऊ नये म्हणून चाकू खोगिराच्या लाकडावर टेकला. (आबांना नेमका ताकातला गेला होता. घाईत माझ्याही लक्षात आले नाही.) कडकन आवाज झाला. नवरदेवाच्या हातात नुसता घोडा राहिला आणि लिंबू पात्यासकट घरंगळत जाऊन वाजंत्र्यांच्या संबळावर थांबले. वाजंत्री थांबली. अख्खे गाव थांबले.

मामा, त्या शांततेत मी जे ऐकले ते मरेपर्यंत विसरणार नाही. नवरीची आजी झुंबरबाई हिने मोठ्याने विचारले, "काय तुटनं?" (तिला दिसत नाही.) अपशकुन झाला, अपशकुन झाला, अशी कुजबुज सुरू झाली. मुलीचा बाप पाराजवळच्या मांडवातून उठून आला आणि म्हणाला, ज्या घरची कट्यार घोड्यावर चढण्याआधी मोडते त्या घरात मुलगी द्यायची नाही. आबांनी माझ्याकडे बोट दाखवले. मी पळायला वाट शोधली, पण मी मानाचा पाहुणा असल्यामुळे मला अगदी मध्ये उभे केले होते. हळद लागलेली मुलगी आत रडत होती, ते बाहेर ऐकू येत होते. तेव्हा मला कळले की हा चाकूचा खेळ राहिलेला नाही. माझ्या हौसेपायी एका पोरीचे लग्न मोडत होते.

इतक्यात मंजुळाबाई स्वयंपाकघरातून आली. विधवा बाई म्हणून ती सकाळपासून मागेच होती. हातात विळी, पाटासकट, भोपळा चिरता चिरता उचललेली. ती सरळ दिरापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "चाकू तुटना, नवरदेव नही तुटना. लोखंडच जोयजे ना? हाई ल्या." आणि तिने विळीच्या टोकाला लिंबू खोचून ती नवरदेवाच्या मांडीवर ठेवली. विळी लोखंडाची होती, घरातली होती, आणि भटजींनी पोथी उघडून पाहिली तर त्यात कट्यारीची लांबी-रुंदी कुठे दिलेली नव्हती. आजी झुंबरबाईने विळीवरून हात फिरवला आणि निकाल दिला, "हाई मनी सासूनी इळी शे. हिनापेक्षा मोठा शकुन नही." वाजंत्री पुन्हा सुरू झाली.

पण विळीचा पाट जड, आणि मुलगा वेंधळा. मग पंचांनी ठरवले की ज्याने चाकू दिला त्याने विळी सांभाळावी. म्हणून मी पारापासून मांडवापर्यंत घोडीच्या बाजूने, दोन्ही हातांनी विळीचा पाट वर धरून चाललो. लोकांना वाटले ही कापडण्याची चाल असावी. दारात झुंबरबाईने ओवाळायला घेतले, तेव्हा पहिला हात लागला तो माझ्या फेट्याला. तिने मलाच कुंकू लावले, मलाच ओवाळले आणि कानात सांगितले, "मनी पोरले जप." मी सांगितले, जपेन. आजीला शब्द दिला तो दिला. मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाट खाली गेला तसा विळीला अडकून टरकन फाटला. नवरी मात्र तेव्हा हसली. त्या हसण्याने माझ्या छातीवरचा दगड उतरला.

जेवणे झाल्यावर मी गोठ्याआड एकटा बसलो होतो. मंजुळाबाई आली, तुटलेली घोड्याची मूठ माझ्यापुढे धरली. मला वाटले, आता उरलेले ऐकायचे. ती म्हणाली, "मूठ चांगली शे." आणि मग, "मूठ तुम्ही करा. पातं पुनाले करू द्या. बठ्ठं एकलानीच कराले काय लागस?" मामा, महिनाभर पुनाने आणि, दुसरे घर करा म्हणत, पाच वर्षे वहिनीने जे समजावले, ते मला त्या एका वाक्यात समजले.

सोनगीरला जाऊन मी पुनाच्या पायाशी बसलो. त्याने हसत बारा पाती करून दिली, मी बारा मुठी बसवल्या आणि इथे अमळनेरच्या यात्रेला आलो. मंजुळाबाईही टरबुजे घेऊन आली होती. जागा कमी, म्हणून एकाच गोणपाटावर मांडले. (जागा तशी होती. मी कमी आहे असे सांगितले.) तिने पोपटाच्या मुठीचा चाकू टरबुजात घातला आणि तो लोण्यातून जावा तसा आरपार गेला. लोक थांबू लागले. टरबूज खाता खाता चाकू बघायचे, चाकू बघता बघता टरबूज मागायचे. पहिल्यांदा कुणीतरी मला म्हणाले, तुमच्या मंडळींना एक फोड कापायला सांगा. मी गप्प राहिलो. तीही गप्प राहिली आणि तिने फोड कापली. तेव्हापासून ती मला भाऊ म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. बोलायचे झाले तर नुसते "आयकं का" म्हणते, आणि मी ऐकतो.

असो. सांगण्यासारखे विशेष काही नाही. सगळे चाकू संपले. उन्हात फार हिंडू नये, खोकल्याला अडुळसा घ्यावा. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना दंडवत, आणि ज्यांचे वय मला ठाऊक नाही त्यांना यांपैकी जे शोभेल ते.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
रुपचंद

ता. क. : वर मी ज्या मंजुळाबाईबद्दल सहज लिहिले, ती तुमच्याच गावच्या लोटनभाऊची बहीण. होय, तोच लोटन. त्याच्या बांधावरच्या निंबाची सावली तुमच्या कपाशीवर पडते म्हणून तुम्ही सहा वर्षे ज्याच्याशी बोलत नाही, तो. मामा, मला आई-बाप नाहीत, सुकदेवभाऊ बोलत नाही, म्हणून मागणी घालायला तुमच्याशिवाय कुणी नाही. आपल्यात विधवेच्या पाटाची चाल आहेच. तुम्ही एकदा लोटनकडे जाऊन शब्द टाका. सावलीचे काय, संध्याकाळी ती आपोआप जाते.

ता. क. दुसरा : पत्र टपालाने आलेले नाही, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. आणून देणारी तीच. माहेरी दोन दिवस जाते आहे. तिला यातले काही ठाऊक नाही आणि अक्षरओळखही नाही, म्हणून मी मोकळेपणाने लिहिले. तुम्हीही चेहऱ्यावर काही दाखवू नका.

(खाली पेन्सिलीने, दुसऱ्या हाताचे)

तोतारामनाना, पाया पडस. मी मंजुळा. पत्र गाडीमा उघाडीसन वाचं. माले वाचता येस, त्यासनी कधी इचारंच नही. बठ्ठं बरोबर लिखेल शे. तुम्हले मना भाऊकडे जावानी गरज नही. त्याले मीच सांगी टाकं. त्यानी हो म्हनं, आनि आते तो तुमना ओटावर बठेल शे, मझार येवाले लाजी ऱ्हायना. त्याले घरमा बलावा. पहिलं तुम्ही बोला, मंग तो बोली. तुम्ही हाई वाचतस तवर मी मामीले इचारीसन चहा मांडस.