पुलावरचा हल्ला नेमका कोणाचा?

तीर्थरूप रुस्लीमामांस,

नुर्मासिताचा सलाम. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा दमा? (शेळी व्याली का, असं आई विचारतेय.) माझी तब्येत उत्तम; फक्त जेवण जात नाही आणि मोटारसायकल वाजली की दचकते. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून मासळीच्या ट्रकवाल्याच्या हाती हे पत्र.

माझा प्रबंध बंडखोर गटांवर आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. यादवीत त्यांनी काय केलं, आणि एकाच बाजूने लढणारे आपसांत का फुटले, वगैरे. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "पुस्तकं पुरे, माणसांना भेट." म्हणून बिरुएनला पांग हसबींच्या कॉफीच्या दुकानात गेले. (एकेकाळचे जंगलातले पांग, म्हणजे सेनापती; आता गल्ल्यावरून गिऱ्हाइकांना हुकूम सोडतात.) मी विचारलं, यादवीतल्या त्या पुलावरच्या हल्ल्याचं नेतृत्व कोणाचं? "माझं," म्हणत त्यांनी केळीच्या पानात उकडलेल्या गोड तिम्फानची बशी पुढे सरकवली. तेवढ्यात कोपऱ्यातले दुसरे जुने सेनापती, पांग ब्राहिम, उठले. (शांतता करार झाल्यापासून दोघांत अबोला; पण कॉफी चांगली म्हणून येतात रोज.)

"तुझं? तू तर हगवणीने आडवा होतास!"

"आणि तू भलत्याच पुलावर दबा धरून बसला होतास!"

मी भीतभीत दोघांचीही नावं लिहिली, तर दोघंही भडकले. ब्राहिमकाकांनी दुकानाचं दार लोटलं. "खरं लिहिल्याशिवाय जायचं नाही, पोरी." मग हसबीकाका एकदम हळू आवाजात म्हणाले, "तिथे माझा भाऊ गेला. कोणाच्या हुकमावरून गेला, एवढं तरी नीट लिही." घाबरून माझ्या तोंडातून एक वाक्य निघून गेलं, आणि त्यांनी मला तिथल्या तिथे सोडलं.

सर्वांना सलाम. गुडघ्याला जपा.

तुमची भाची,
नुर्मासिता

ता. क. ते वाक्य असं: "पण हल्ला तर माझ्या रुस्लीमामांनी केला ना? दर लग्नात सांगतात." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "रुस्ली? आपला भात शिजवणारा?" आणि इतक्या वर्षांनी दोघं एका टेबलाशी बसले. (फुटलेले गट पुन्हा एक कसे होतात, यावर आता प्रकरण होईल. मॅडम खूश आहेत.)

आणखी ता. क. शुक्रवारच्या नमाजानंतर दोघं एकाच गाडीने तुमच्याकडे निघतायत. पत्ता मीच दिला. मामींना घेऊन चार दिवस मेदानला जाऊन या, हात जोडते. जमत नसेल तर निदान भात टाकून ठेवा. तसा भात पुन्हा कुणी खायला घातला नाही, असं गाडीत पेट्रोल भरताना दोघंही म्हणत होते.