खालांच्या घरी ठेवलेला मिक्सर

अण्णा,

धाकटी गच्चीवर बसून चटणी वाटत होती. पावसाळा सरता सरता मी नांदेडहून तिच्याकडे लातूरला गेले, तर दार उघडं आणि स्वयंपाकघरात कुणी नाही. वरून घरघर ऐकू आली म्हणून जिना चढले. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ही बसलेली, खालच्या खोलीतून लांब वायर ओढून आणलेली, आणि पुढ्यात मिक्सर. मला बघून हसली. म्हणाली, "काय करू अक्का, ह्यांना आवाज सहनच होईना गेलाय. परवा कुकरची शिट्टी झाली तर भरलं ताट भिरकावलं. मग म्हटलं, आपण राणीसारखं गच्चीत बसून वाटावं. वारा पण लागतो." ती हसत होती आणि मी पायरीवर खाली बसले.

तुम्ही गेलात तेव्हा ती चार वर्षांची होती. मुखेडला आमचा मिक्सर आमच्या घरात कधी राहिलाच नाही, हे तिला कुठून आठवणार. तो शेजारी राहायचा, टेलरचाचांच्या घरी, शिलाई मशीनच्या बाजूच्या फळीवर. आई पदराखाली वाटी झाकून जायची. वाटीत शेंगदाणे, लसूण, मिरच्या. चाचांची बायको, आमच्या खाला, म्हणायच्या, "लगा ले बेटी, तेरे फौजी कू सोने दे. इधर तो मशीन की खडखड हैच." त्यांनी त्या मिक्सरला क्रोशाचं झाकण विणलं होतं. कुणी पाव्हणं आलं तर तो त्यांचाच वाटावा, आमच्या घरातली गोष्ट बाहेर पडू नये, म्हणून. आमच्याकडे डाळ उघड्या पातेल्यात शिजायची. दिवाळीत गल्लीत फटाके सुरू झाले की आई कापसाचे बोळे तेलात भिजवून तुमच्या कानांत घालायची. मला वाटायचं, सगळ्याच फौजींच्या घरी असंच असतं.

मी दोन अण्णा पाहिलेले आहेत. सुट्टीवर यायचे ते एक. काळी ट्रंक खांद्यावर घेऊन एसटीतून उतरायचे, आंघोळ करताना शीळ घालायचे, मला हवेत फेकून झेलायचे. मग पेन्शनवर कायमचे आले ते दुसरे. डोक्याला ओला पंचा बांधून, खिडकीला चादर लावून बसलेले. या दोघांच्या मधे बर्फाच्या मुलखातली एक गाडी आहे, जी सुरुंगावरून गेली. तुम्ही त्याबद्दल एवढंच सांगायचात, "काय न्हाई झालं. टोप होता डोक्यावर." तुमच्या अंगावर खरंच काही नव्हतं. एक टाका नव्हता. लोकांना दाखवायला जखम लागते. ती नव्हती, म्हणून गल्लीत तुमचं नाव तापट पडलं, दारू न पिता दारूचं पडलं, आणि शेवटी आईसुद्धा म्हणायला लागली, "ह्या माणसाला मिलिटरीचा माज आलाय."

धाकटीचा नवराही फौजेतून हवालदार होऊन आलाय. आता एका क्लासच्या गेटवर उभा असतो, शेकडो पोरं रोज त्याच्यासमोरून सायकली नेतात. स्वभावानं गरीब माणूस. तो अलीकडे एकदा आणलेली हळद पुन्हा आणतो, पोरांची नावं चुकवतो, रात्रभर जागा असतो. धाकटी हे सगळं तक्रार म्हणून सांगत होती. मी मात्र त्या गच्चीवर तुम्हाला बघत होते.

माजी सैनिकांच्या ज्या दवाखान्यातून तो बीपीच्या गोळ्या आणतो, तिथे आता एक तरुण डॉक्टरीणबाई आहेत. येणाऱ्या प्रत्येकाला त्या आधी डोक्याबद्दल विचारतात, मग मनाबद्दल. हे मला तिथे जाऊन आलेल्या एका बाईनं सांगितलं होतं. "गोळ्या संपल्यात ना, चला, मी पण येते," म्हणून आम्ही त्याला नेलं. बाहेर बाकावर आमच्याच वयाच्या बायका बसलेल्या. नवरे गप्प, बायका बोलत होत्या. आत गेल्यावर बाईंनी विचारलं, कधी स्फोटाच्या जवळ होता का? डोक्याला मार? थोडा वेळ काही सुधरलं नाही, असं झालं होतं? उजेड सोसतो का? झोप? वस्तू विसरून परत आणता का?

प्रत्येक प्रश्नाला तो खुर्चीतल्या खुर्चीत ताठ होत होता. "एकदम फिट, मॅडम."

हे मला ओळखीचं होतं. नोकरीत डॉक्टरसमोर डोकं दुखतं म्हटलं की तब्येतीची कॅटेगरी खाली येते, मग बढती अडकते, आपली माणसं पुढे जातात आणि आपण मागे स्टोअरमध्ये पेट्या मोजतो. म्हणून जवान शिकतो, डॉक्टरला फिट म्हणायचं. निवृत्त होऊन सहा-सात वर्षं झाली तरी ती जीभ वळत नाही. तुमचीही वळली नव्हती.

मग बाईंनी पेन खाली ठेवलं आणि साध्या आवाजात विचारलं, "जगून काय करायचं, असं कधी मनात येतं का? जीव द्यावासा वाटतो का?" जसं विचारावं, जेवण जातं का. धाकटी दचकली. म्हणाली, "असलं काय विचारता हो मॅडम, नसलेलं डोक्यात भरवायला?" बाई म्हणाल्या, "विचारल्यानं कुणाच्या डोक्यात येत नसतं. असलेलं बोलायला वाट मिळते."

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "फिट."

आणि तेव्हा, अण्णा, मला वाटलं की गप्प बसावं. आमच्या आईला हा प्रश्न कुणी विचारला नाही. माझ्या बापासमोर कुणी पेन खाली ठेवलं नाही. मग धाकटीच्याच नवऱ्यासमोर का? एवढंसं वाटलं, श्वास घेऊन सोडावा इतकंच. पण वाटलं. मग मी त्याच्या बुटांकडे पाहिलं. गेटवर उभं राहायचे बूट, तुमच्यासारखे आरशागत चकचकीत केलेले. मी म्हणाले, "पाव्हणं, आमचे अण्णा पण फिटच होते. ते हार्ट अटॅकनं न्हाई गेले. स्वतःहून गेले."

 मग त्यानं दोन्ही हातांनी कपाळ धरलं आणि म्हणाला, "सकाळी उठलं की पहिलं तेच येतं, मॅडम." एवढंच. मग बराच वेळ तो बोलला. बाईंनी त्याला त्या दिवशी एकट्याला घरी सोडलं नाही. मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, पुढच्या तपासण्या ठरवल्या, घरात काय काय हाताशी ठेवायचं नाही ते धाकटीला समजावलं, आणि रोज त्याला फोन करणार म्हणून सांगितलं. करतात.

परत येताना रिक्षात धाकटी माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला का न्हाई सांगितलं?"

"आई म्हणाली, लहान आहे."

"अक्का, माझी पोरगी दहावीला हाय आता." मग म्हणाली, "म्हणजे खरे अण्णा तुझ्याकडंच होते की. मला नुसता हार घातलेला फोटो दिला तुम्ही दोघींनी."

मी इतकी वर्षं उलटं समजत होते. वाटायचं, तिच्या वाट्याला हार्ट अटॅक आला, सुटली. माझ्या वाट्याला तुम्ही आलात. तिला झोप लागायची म्हणून मी तिचा हेवा केला. आता तिचा नवरा वाचतोय म्हणून करते. परवा फोनवर म्हणाली, "मिक्सर खाली आणला, अक्का. लावायच्या आधी हाक मारते, मग हे उठून अंगणात जाऊन उभे राहतात. झालं की मी परत हाक मारते." मी म्हटलं, छान झालं. फोन ठेवला आणि कणीक मळत बसले, लागणार नव्हती तेवढी. एक हाक, अण्णा. आमच्या आईला कुणी सांगितलं असतं तर तिनं दिवसातून शंभर मारल्या असत्या. तिचा आवाज किती गोड होता.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून क्रोशाच्या त्या झाकणात गुंडाळून ठेवणार आहे. खालांनी जाताना ते मला दिलं होतं. एकच सांगायचं राहिलं. त्या दिवशी दवाखान्यात मोठे डॉक्टर त्याला आत तपासत होते तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचं सांगता का?" मी सगळं सांगितलं. चादर, पंचा, कापूस, मिक्सर. मी पाचवीत गेले तेव्हा तुम्ही मला कंपासपेटी आणलीत, आठ दिवसांनी तश्शीच दुसरी, आणि दिवाळीच्या आत तिसरी. मी त्या तिन्ही वर्गात मिरवल्या, की माझे अण्णा माझे इतके लाड करतात. तेवढं मात्र मी त्यांना सांगितलं नाही.