टेम्पो रिकामा परतला

मु. चिंचोली, पो. पुलगाव
मंगळवार, १७ फेब्रुवारी

ती. बंडूभाऊस,

धाकट्या शोभाचा वाकून नमस्कार. इकडे ठीक म्हणण्यासारखं आहे. तिकडचं विचारायला तोंड धजत नाही, तरी विचारते. वहिनीचा खोकला कसा आहे?

संत्री मिळाली. रविवारी पुलगावच्या स्टँडवर हरिदास कंडक्टरने लांबूनच हाक मारली, "ओ शोभाताई, भावानं अर्धा बगीचा धाडला न तुमच्यासाठी! बसमंदी मानसं बसवू का संत्री बसवू?" चार फोडून पाहिली, एकही आंबट निघालं नाही. आई गेल्यावरही तू ही बसची रीत मोडली नाहीस. तिच्या कुरडया, माझ्या बाळंतपणातले लाडू, वहिनीच्या लोणच्याची बरणी, सगळं तुझ्या आष्टीच्या बसनेच गेलं आणि आलं. आईच्या आधी आपले अण्णाजी गेले तेव्हाची चिठ्ठीही हरिदासच्या बापानेच आणून दिली होती.

मोबाइल असताना ही बाई पत्र काऊन लिहून राह्यली, असं तू म्हणशील. तुझा मोबाइल म्हणजे गावचा भोंगा आहे, भाऊ. तो कायम स्पीकरवर, आणि तू कायम चौकात. मी 'जेवले' म्हटलं तरी चार जण मागून 'काय जेवल्या' विचारतात. असल्या भोंग्यावर मनातलं काय बोलणार?

कापूस अजून घरातच आहे. दोन्ही खोल्या छतापर्यंत भरल्यात, मी स्वयंपाकघरात अंथरूण टाकते. अंगाला खाज सुटते, केसात सरकी सापडते. तुझ्याकडेही हेच असणार. वहिनी शेजारच्या शकुबाईच्या ओसरीवर निजते, हे मला हरिदासकडून कळलं. तू सांगितलं नाहीस. दम्याच्या बाईला स्वतःच्या घरात निजता येऊ नये आणि ते माझ्यामुळे, हे डोक्यातून जातच नाही.

माझ्यामुळे कसं, ते सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं आणि संत्र्यांपासून सुरुवात केली. माझी ही जुनीच खोड.

दिल्लीच्या त्या कापूस व्यापार सल्लागार समितीवर माझं नाव आलं तेव्हा तू पेढे वाटलेस, चौकात फ्लेक्स लावलास. त्यावर माझ्यापेक्षा तुझा फोटो मोठा होता, ते असो. मला का घेतलं हे मला पहिल्याच बैठकीत कळलं. लोक एका दगडात दोन पक्षी मारतात, यांनी तीन मारले: बाई, शेतकरी आणि विदर्भ. आमच्या महिला शेतकऱ्यांच्या कंपनीचं नाव कुठल्याशा पुस्तिकेत छापून आलं होतं, तेवढं त्यांना पुरलं. दिल्लीला एकदाच गेले. नंतरच्या बैठका कंपनीच्या ऑफिसात, कॉम्प्युटरसमोर बसून.

प्रश्न सरळ होता. बाहेरदेशचा कापूस आपल्याकडे येतो तेव्हा सरकार त्यावर कर लावतं. कर असला की गिरण्या आपला कापूस घेतात. कर उठला की बाहेरचा स्वस्त पडतो आणि आपला भाव उतरतो. कर ठेवायचा की उठवायचा? मी बोलले. अडखळत हिंदीत का होईना, पण बोलले. घराघरात कापूस पडून आहे, निदान तो विकला जाईपर्यंत थांबा, असं म्हटलं. एका सूतगिरणीवाल्याने त्याचे कामगार कसे बसून आहेत ते सांगितलं. तोही खोटं बोलत नव्हता, म्हणून त्याच्यावर धड चिडताही येईना. अध्यक्ष गोड माणूस. "शोभाजी, बहुत अच्छा रखा आपने," म्हणाले आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. सगळं, अगदी तारखेसकट, आधीच ठरलेलं होतं. आमच्या सल्ल्याचा पानसुपारीएवढाच मान.

शेवटी त्यांनी बजावलं, सरकार जाहीर करेपर्यंत यातला एक शब्द बाहेर जाता कामा नये. तसं मी पहिल्याच दिवशी लिहूनही दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपेशचा टेम्पो माझ्या दारात उभा. तो मी बैठकीच्या कितीतरी आधी सांगून ठेवला होता. भरायला बायाही आल्या होत्या. मी उंबरठ्यात उभी राहिले आणि माझा पायच पुढे पडेना. भाव पडणार हे मला माहीत, शेजारच्या सुलोचनाबाईला नाही. अशात मी माझा कापूस विकून मोकळी होऊ? ही तर चोरीच झाली. मी रुपेशला म्हटलं, कंबर धरली आहे रे, आज राहू दे. टेम्पो रिकामा परतला.

मला वाटलं, मी मोठी प्रामाणिक. माझ्या डोक्यातच आलं नाही की सारं गाव दारात उभं राहून पाहतंय.

सुलोचनाबाईने तिचा अर्धा कापूस गाठोड्यात बांधला होता. तो तिने सोडला आणि परत खोलीत टाकला. मी म्हटलं, "बाई, तुमी काऊन थांबल्या?" तर हसली. "तुमी ठेवला म्हंजे समजलं आमाले. दिल्लीची खबर तुमाले नाई तं कोनाले?" मी म्हटलं, माझी कंबर दुखते हो. त्यावर ती आणखीच हसली. दुपारपर्यंत गावातला विकायला काढलेला सगळा कापूस आपापल्या घरात परत गेला. संध्याकाळी तुझा फोन.

तो फोन तुला आठवतो का, भाऊ? मला त्यातलं अक्षर न् अक्षर आठवतं.

"शोभे, तू टेम्पो वापस केला म्हने. ठेवू का इकू? एक शब्द बोल फक्त."

"मले काही सांगता येत नाई, भाऊ."

"समजलं, समजलं!" आणि मागून चार-पाच जणांचा हसण्याचा आवाज. कोणीतरी म्हणालं, "बंडूजी, बहीन असावी तं अशी." आणि तू फोन ठेवलास.

बोलले असते तर गुन्हा, गप्प राहिले तर तो इशारा. कापूस विकला तर चोर, ठेवला तर आणखी मोठी चोर. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण तिथे निदान उभं राहायला मधे जागा असते.

तेव्हापासून रोज ठरवते की आज सांगायचं. तुला एकट्याला सांगितलं तर सुलोचनाबाईला काय तोंड दाखवू? तिचं माझं परसदार एक आहे. तिला सांगितलं तर गावाला सांगितलं, आणि गावाला कळलं ते पुलगावच्या बाजारात चहा उकळायच्या आत पोचतं. मग व्यापारीच हात आखडतील, ज्याला त्याला पाडून मागतील. राजीनामा देऊन टाकावा असंही मनात आलं. पण राजीनाम्याने खुर्ची परत करता येते, कानांनी ऐकलेलं कसं परत करणार? आणि शेवटी खरं सांगते, मी घाबरले. लिहून दिलेल्या कागदाला घाबरले. आपल्यात कोर्टाची पायरी कोणी चढलेलं नाही. मोठी तत्त्वाची बाई म्हणून हे पत्र वाचू नकोस. त्यात निम्मी भीतीच आहे.

तर आता लिहिते. शुक्रवारी कर उठल्याचं जाहीर होणार आहे. भाव पडेल. मी कापूस ठेवला तो भाव वाढेल म्हणून ठेवला नव्हता.

एवढी दोन-तीन वाक्यं लिहायला मला सहा संत्री लागली.

पुढचं पुलगावच्या पोस्टातल्या बाकावर बसून लिहिते आहे.

येताना स्टँडवरून आले. आष्टीची बस लागलेली होती. हरिदास दारात उभा, मला पाहून म्हणाला, "ताई, आष्टीले काही द्याचं हाय का? भाऊ इचारत होते, शोभेचा काही निरोप हाय का म्हनून."

पत्र पिशवीत होतं. त्याला दिलं असतं तर संध्याकाळी तुझ्या हातात पडलं असतं. उद्या सकाळी तू गाडी भरली असतीस, आजच्याच भावात विकून आला असतास, आणि वहिनी रात्री आपल्या खाटेवर निजली असती. मी पिशवीत हातही घातला.

"नाई रे," मी म्हटलं. "आज काही नाई."

तो म्हणाला, बरं. घंटी मारली. बस गेली.

पोस्टाने तुला हे सोमवारच्या आत मिळत नाही, मी खिडकीवर विचारून घेतलं. तोवर बातमी शिळी झालेली असेल आणि माझं सांगणं गुन्हा उरणार नाही. कशाचाच उपयोगही उरणार नाही. तुझ्या भोंग्याचं मी वर लिहिलं ते खोटं नाही, पण पत्र लिहायला घेतलं तेव्हापासून मला पोस्टच दिसत होतं. माझाही कापूस तुझ्याबरोबरच पडलेला असेल. त्याने तुझं काही भरून निघत नाही, मला ठाऊक आहे.

मिळेल त्या भावाला विकून टाक, आता वाट पाहू नकोस. आधी वहिनीला घरात आण.

पत्र फोडायच्या आधीच तुला सगळं कळलेलं असेल. आपल्याकडे आजवर एकमेकांना काही धाडलं त्याला तिकीट लावलं नव्हतं. पुढच्या बहाराची संत्री आली नाहीत तर मी हरिदासला विचारणार नाही.

तुला खोटं न सांगितलेली आणि खरं वेळेवर न सांगितलेली,
तुझी धाकटी
शोभा