मांडव काकडीचा आहे

कोल्हापूर, २४ मे

तीर्थरूप आक्कास,

धाकट्या पिराजीचा लांबूनच, पण कमरेत वाकून नमस्कार. (कंबर त्यानंतर सरळ झालेली नाही, ते पुढं येईल.) तुझा गुडघा, दाजींचा खोकला आणि नुकती व्यालेली म्हैस, या तिघांचीही खुशाली कळव. गगनबावड्याला वळीव झोडपून गेल्याचं पेपरात वाचलं. इकडं आम्ही सगळे बरे आहोत, आणि तुझ्या कानावर काहीही आलेलं असलं तरी आमच्या घरात कुणाचंही लग्न ठरलेलं नाही.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. अकरा वेळा लावला. बाराव्यांदा दाजींनी उचलला आणि "ती घरात न्हाय असं सांगायला लावलंय," एवढं खरं बोलून ठेवून दिला. कुटुंबाच्या ग्रुपमधूनही तू बाहेर पडलीस. एकुलत्या एक भाच्याचं, आमच्या सम्राटचं, लग्न ठरतं आणि आत्याला मांडव पडल्यावर कळतं, हा तुझा राग मला समजतो. तसं घडलं असतं तर मीही स्वतःशी बोललो नसतो. म्हणून काय घडलं ते क्रमानं लिहितो.

यंदा परड्यात काकडी लावायची असं मी ठरवलं. (गेल्या वर्षी दोडका लावला होता. त्याबद्दल घरात बोलत नाहीत.) बत्तीस वर्षं एस.टी. स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढल्यामुळं चौकशी केल्याशिवाय मी कशालाही हात लावत नाही. लक्ष्मीपुरीत तोहिदभाईंचं बियाण्याचं दुकान आहे, त्यांना फोन लावला. आता काकडीच्या वाणांना नावं कोण देतं मला माहीत नाही, पण ज्यानं दिली त्याला घरात मुली असाव्यात आणि शेजारी नसावेत. एक शीतल. ही डोंगराकडं, जास्त पावसात चांगली येते. दुसरी हिमांगी. पांढरट, सहसा कडू होत नाही. तिसरी शुभांगी, हिरवी, आणि भुरी रोगाला पुरून उरते. पुणेरी खिरा म्हणून चौथाही वाण होता, पण पुण्याचं नाव निघताच मी तो यादीतून काढला.

माझा आवाज तुला माहीत आहे. बत्तीस वर्षं गाड्या पुकारल्या आहेत. फोन हे यंत्र माझ्या बाबतीत केवळ शिष्टाचार म्हणून कानाला लावायचं. शेजारच्या चिमणाबाई त्या वेळी गच्चीवर सांडगे घालत होत्या. तोहिदभाईंचं बोलणं त्यांना ऐकू येत नव्हतं, माझं मात्र शब्दन् शब्द येत होतं. ते असं: "शीतल नको वो, डोंगराकडची, तिला हितलं ऊन सोसायचं न्हाय. हिमांगी दिसायला गोरी हाय, कडू न्हाय, पण आमच्या घरात टिकंल काय? शुभांगी रोगाला दाद देत न्हाय म्हंता? मग ठरलं की! शुभांगीच. रविवारी मांडव घालतो."

(मुलगी रोगाला दाद देत नाही, एवढं ऐकूनही तुला संशय आला नाही, याचं मला नवल वाटतं.)

रविवारी गुंडू बांबू घेऊन आला. काकडीचा वेल भुईवर पसरला तर फळं कुजतात, त्याला मांडव लागतो, हे तुला सांगायला नको. गल्लीला मात्र सांगायला हवं होतं. गुंडूचा मूळ धंदा लग्नाच्या मांडवांचा. त्यानं चार मेढी रोवल्या आणि कुणी न सांगता, निव्वळ हाताला सवय म्हणून, पुढच्या मेढीला आंब्याचा डहाळा बांधला. मी तो सोडायला स्टुलावर चढलो आणि तिथं कंबर गेली. तेवढ्यात चिमणाबाई नारळ घेऊन आल्या. भाजीच्या मांडवालाही नारळ लागत असेल अशा समजुतीनं आमच्या हिनं तो घेतला, त्यांना हळदीकुंकू लावलं, चहा पाजला. त्यांची भावजय तुमच्या आळीत राहते हे मला नंतर कळलं. तुला आधी कळलं.

तोवर सम्राटच्या कारखान्यात लोक पेढे मागायला लागले होते. तेहतिसावं लागलंय पोराला. चार ठिकाणांहून नकार आल्यापासून तो लग्नाचा विषय निघाला की ताट घेऊन आत जायचा. या वेळी त्यानं कुणालाच नाही म्हटलं नाही, नुसता हसत होता. त्याला असं हसताना मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. मला जरा वाईट वाटलं आणि जरा बरं वाटलं.

मंगळवारी गडमुडशिंगीहून आकाराम म्हणून एक पावणं आले. शुभांगीची पुडी दिली तरी तोहिदभाई एका शेतकऱ्याला त्याचं घरचं बी दाखवायला पाठवणार होते, त्यामुळं हेच ते, असं मी धरून चाललो. त्यांना बाहेर मांडवाशेजारीच खुर्ची दिली. त्यांनी सरळ तक्रारीनंच सुरुवात केली. दोन वर्षांमागं आमच्याकडची सगळी माहिती दिलेली, तुम्ही उत्तर न्हाय दिलं, आता तिघींची नावं चालल्यात, मग आमच्यात काय कमी हाय? मी म्हटलं, कमी काही नसावं, पण वाण घरचा का बाहेरचा? ते छाती पुढं काढून म्हणाले, पाच पिढ्यांचा घरचा. शहरातल्या मातीत रुळेल का, असं मी विचारलं. शिकून शहाणी हाय, कुठंबी रुळंल, म्हणाले. हे मला जरा अलंकारिक वाटलं, पण शेतकरी मायेनं बोलतात. शेवटी मी विचारलं, नमुना आणलाय का? त्यांनी खुर्ची जरा मागं सरकवली आणि खिशातून फोटो काढून दिला. चष्मा लावून मी त्यात काकडी शोधली. त्यात त्यांची मुलगी प्रियदर्शनी होती.

पुढचा अर्धा तास माझं बोलणं फक्त माफीचं होतं. पावणं मोठ्या मनाचे. हसून हसून त्यांना ठसका लागला. जाताना म्हणाले, "फोटू राहू दे की, काकडीसंगं."

तर आक्का, एवढंच घडलं. मांडव काकडीचा, शुभांगी काकडीची, आणि तुला डावलून या घरात काही ठरेल हे तुझ्या मनात तरी कसं आलं? आई गेल्यापासून मी कुठलीही गोष्ट तुला विचारल्याशिवाय केलेली नाही. (दोडका सोडून. त्याचं काय झालं ते पाहिलंसच.) आठ दिवस तुझा आवाज नाही, करमत नाही. शिव्या द्यायला का होईना, फोन उचल.

दाजींना नमस्कार, म्हशीच्या पाठीवरून हात.

तुझा,
पिराजी

ता. क. फोटो मी फळीवर ठेवला होता. तिथं नाही. सम्राटच्या पाकिटात आहे असं ही म्हणते. मी पाहिलेलं नाही.

ता. क. २. प्रियदर्शनी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. आपल्या परड्यातली माती तपासून घ्यावी असं सम्राटला अचानक वाटू लागलंय. आठवड्यात तीन वेळा माती घेऊन गेला. परड्यात आता खड्डा आहे. मी तोहिदभाईंना हे सांगितलं, तर म्हणाले, "ह्यो वाण आमच्याकडं न्हाय, सोडू नका."

ता. क. ३. रविवारी गडमुडशिंगीला मुलगी बघायला जायचं म्हणतोय. अजून काहीही ठरलेलं नाही, कारण तू पाहिलेली नाहीस. वरची "लग्न ठरलेलं नाही" ही ओळ त्या अर्थानं खरी आहे. शनिवारच्या गाडीनं ये. आईनं तुझ्या लग्नात पदरात बांधून दिलेलं तवशाचं, म्हणजे आपल्या गावठी काकडीचं, बी तू राखेत जपून ठेवलंयस, त्यातलं चिमूटभर घेऊन ये. शुभांगीची पुडी मी परत केली. आपल्या घरचं बी तुझ्याकडं असताना मी दुकानात फोन लावला, तुझा खरा राग तोच असणार, हे मला काल उमजलं. चुकलो.

ता. क. ४. वन्सं, हे मी लिहितेय. ह्यांनी मांडवाचा डहाळा अजून सोडलेला न्हाय. कंबर दुखते म्हणतात, पण रोज सकाळी त्याच्यावर पाणी मारतात. तुम्ही या.