एकेचाळिसावा झेंडा

३ मार्च
पोहोचलो एकदाचा! खोली झकास आहे. पलंग, टेबल आणि खिडकीतून दिसणारं कोरडं ठणठणीत तळं. त्याच्या तळाशी भेक, म्हणजे खरखरीत कातडीचे बेडूक, अंगात पाणी साठवून मातीत झोपलेत. प्रत्येक बिळापाशी लाल झेंडा रोवायचा आणि पाऊस आला की किती जण वर येऊन अंडी घालतात ते मोजायचं, एवढंच माझं काम. चार महिन्यांत घरी. चिमणीला, माझ्या एकोणीस वर्षांच्या लेकीला, तसा शब्द दिलाय. घरमालकीणबाईंनी आल्याआल्या तांब्याभर पाणी दिलं. गार, गोडसर. गावची विहीर दोन वर्षांपूर्वी आटली, पण यांचा माठ कायम भरलेला! त्यांना मावशी म्हणायचं ठरवलंय.

१९ मार्च
चाळीस झेंडे झाले. सुईएवढ्या छिद्रावरून बीळ ओळखावं लागतं. माझ्या आधीच्या साहेबांना म्हणे बारासुद्धा सापडली नव्हती. मावशी म्हणतात, साहेब, तुमची नजर लाखात एक. त्यांचा भाऊ इथला पोस्टमन. तो रोज झेंडे बघायला येतो. कौतुक कोणाला नको असतं? माझं वजन चार किलोंनी वाढलंय. इथलं पाणी मानवलं तुम्हाला, असं मावशी हसून म्हणाल्या.

६ एप्रिल
चौदा झेंड्यांपाशी खड्डे. कोल्ह्याचं काम म्हणावं, तर कोल्हा खोऱ्याने खणत नाही. मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका, पाणी प्या. पावलं सुजलीत, बूट चढत नाहीत.

११ एप्रिल
साबण शोधत मागच्या अंगणात गेलो. दोरीवर चपट्या कातड्या वाळत होत्या. पोस्टमन एक जिवंत भेक दोन्ही मुठींत धरून माठावर पिळत होता, ओलं फडकं पिळावं तसा. भेक ओरडत होता. मला बघून पोस्टमन जराही ओशाळला नाही. मावशींनी तर तांब्याच पुढे केला.
म्हणजे महिनाभर मी हेच— आणि झेंडे मीच लावले. बोट धरून यांना बिळांपर्यंत नेलं. लाज वाटते माझी मला.
भडाभडा ओकलो. मग तहान लागली. प्यायलो.

१८ एप्रिल
एकही झेंडा उरला नाही. पळून जायला निघालो, बसथांबा दोन किलोमीटरवर. वीस पावलांत खाली बसलो. पोटरीत बोट दाबलं की खळगा पडतो, तो भरतच नाही. घाम येत नाही. लघवी नाही. सगळं आतच राहतं. मावशी रोज टेपने माझं पोट मोजतात. आधीचे साहेब कुठे गेले, विचारलं. जातात कुठे, त्यांनीच तर मागचा उन्हाळा काढून दिला, म्हणाल्या.

२१ एप्रिल
अंगणात एकेचाळिसावा झेंडा. मी लावलेला नाही. शेजारी खड्डा, माझ्या मापाचा.
हात घालून पाहिला. माती गार आहे. आत उतरावंसं वाटतं. भीती वाटते, तरी वाटतं—

२३ एप्रिल
चिमणीला तीन पत्रं लिहिली होती. तिन्ही माठाखाली सापडली, भिजलेली. पोस्टमनने आपलंच एक धाडलंय— बाबा आजारी आहेत, लगेच ये. उद्या पोहोचेल ती. मावशी तिच्यासाठी खोली झाडतायत. म्हणतात, तरुण अंग, दोन उन्हाळे सहज निघतील.
बोटं चिकटतायत. पेन धरवत—
खोरं घेऊन आले दोघं. दारात आहेत.
चिमणे, बसमधून उतरू नकोस. आणि उतरलीसच, तर कितीही तहान लागली तरी—